मोटारीच्या स्प्रिंगा आणि मामाचें गणित

२०२३ सालच्या जून महिन्यांत इंग्लंडांतील सरे परगण्यांत माझ्या भाच्याकडे सहा आठवडे राहण्याचा योग आला. तिकडे काय काय पाहावें याची यादी पुण्याहून निघतांना मीं करून घेतली होती. परंतु तींतील निम्मीं स्थळें तशींच राहिलीं, आणि पुष्कळसे दिवस घराशेजारच्या एका अरुंद गॅरेजांत, गुडघ्याखालीं जुनी उशी घेऊन, एका लहानशा उघड्या मोटारीच्या चाकांपाशीं गेले. त्याचा मला खेद वाटत नाहीं. जें गणित मी तीस वर्षें तंत्रनिकेतनांतील फळ्यावर लिहीत आलों, तें एकदां हातांनीं करून पाहण्याची संधि मला तेथें मिळाली. आणि तें माझें मलाच कसें चुकलें हेंहि समजलें.

भाच्याची ही मोटार कोणत्याहि कारखान्यांतून बाहेर पडलेली नाहीं. तिचा वंश मात्र थोर आहे. कॉलिन चॅपमन या इंग्रज अभियंत्यानें १९५७ सालीं ‘लोटस सेव्हन’ नांवाची दोन माणसांची, अतिशय हलकी गाडी बाजारांत आणली. पोलादी नळ्यांचा सांगाडा, त्यावर अ‍ॅल्युमिनियमचा पातळ पत्रा आणि पुढें उघडीं चाकें, एवढाच तिचा थाट. त्या काळीं इंग्लंडांत पुऱ्या मोटारीवर जबर खरेदीकर द्यावा लागे. पण तीच गाडी सुट्या भागांच्या रूपानें घेऊन घरीं जुळविली तर तो लागत नसे. जोडणीच्या लेखी सूचना मात्र सोबत देतां येत नसत; तेव्हां चॅपमननें गाडी ‘सुटी कशी करावी’ याच्या सूचना दिल्या आणि गिऱ्हाइकांनीं त्या शेवटाकडून वाचल्या, अशी एक गोष्ट तिकडे मोठ्या आवडीनें सांगतात. १९७३ सालीं खरेदीकर जाऊन मूल्यवर्धित कर आला व ही पळवाट बुजली. त्याच वर्षीं सेव्हनचे हक्क सरे परगण्यांतीलच केटरहॅम येथील एका विक्रेत्याकडे गेले. कराची सवलत गेली तरी हौस काहीं गेली नाहीं. १९९६ सालीं रॉन चॅम्पियन या गृहस्थाचें, अवघ्या अडीचशें पौंडांत आपली स्पोर्ट्स मोटार आपण बांधा, अशा अर्थाच्या नांवाचें पुस्तक निघालें, आणि कित्येकांनीं आपापल्या परसांत नळ्या कापून डाग देण्यास प्रारंभ केला. एंजिन, मागचा आंस वगैरे अवघड भाग मोडींत निघालेल्या फोर्ड एस्कॉर्टमधून घ्यावयाचे.

भाच्याची गाडी त्या पुस्तकाच्या धर्तीवर एका निवृत्त शाळामास्तरानें १९९९ सालीं पुरी केली. अशा एकेका घरगुती गाडीची स्वतंत्र सरकारी परीक्षा तिकडे १९९८ पासून होऊं लागली होती, तीहि ती उतरली. आपल्याकडे मोटारीचा नमुना पुण्याच्या एआरएआयसारख्या अधिकृत संस्थेकडून तपासून घ्यावा लागतो. एकाच गाडीसाठीं तो खटाटोप कोण करणार? म्हणून ही हौस आपल्याकडे रुजली नाहीं.

मी पोहोंचलों त्याच आठवड्यांत गाडीची वार्षिक तपासणी झाली होती. तपासनिसानें दाखला दिला, पण पुढील डाव्या शॉकअपवर तेलाचा ओलावा दिसतो, असा शेराहि मारला. भाच्यानें तो वाचून घडी घालून ठेवला. त्या रविवारीं त्यानें मला नॉर्थ डाउन्सच्या टेंकड्यांतून फिरावयास नेलें. पाऊस नुकताच पडून गेला होता. एका उजव्या वळणावर डांबर उखडलें होतें. तेथें गाडीचें तोंड वळविलें असतां ती वळली नाहीं, तर दोनतीन टुणक्या मारीत काठाच्या कुंपणाकडे सरकली. वेग ताशीं तीस मैलांहून अधिक नव्हता. कुंपण हातभर दूर राहिलें. घरीं येऊन आम्हीं ही हकीकत शक्य तितकी सौम्य करून सांगितली, तरी सूनबाईनें व्हावयाचा तो बोध घेतला, आणि मुलीला या गाडींत कदापि बसूं देणार नाहीं, असें शांतपणें सांगून ती आंत गेली.

येथें थोडी फोड करणें अवश्य आहे. आपल्याकडील मिस्त्री ज्याला शॉकअप म्हणतात त्याचें मूळ नांव शॉक अ‍ॅब्सॉर्बर, म्हणजे धक्का शोषून घेणारा. हें नांवच दिशाभूल करणारें आहे. धक्का झेलते ती स्प्रिंग. चाक उंचवट्यावर चढलें कीं ती दबते, आणि दबतांना त्या धक्क्याची शक्ति आपल्या पोटांत सांठवून ठेवते. परंतु स्प्रिंगला सांठविणें ठाऊक, खर्चणें ठाऊक नाहीं. घेतलेलें सारें ती दुसऱ्याच क्षणीं परत करते. गाडी वर उसळते, पुन्हां खालीं येते, आणि हा झोका तिला एकटीला आवरत नाहीं. तो आवरावयाचा शॉकअपनें. त्याच्या नळकांड्यांत तेल असतें व त्या तेलांतून एक दट्ट्या खालींवर होतो. दट्ट्याला बारीक भोकें आणि झडपा असतात. त्यांतून तेल ढकलण्यास बळ लागतें, आणि झोक्यांतील शक्ति अशा रीतीनें उष्णता होऊन हवेंत निघून जाते. खराब रस्त्यावर दूरचा प्रवास करून आल्यावर शॉकअप हातास ऊन लागतो तो यामुळेंच. इंग्रज अभियंते त्याला ‘डँपर’ म्हणतात, तें नांव अधिक खरें.

आपल्या टांग्यांना आणि मालमोटारींना पोलादी पाट्यांच्या कमानी असत. पाटे एकमेकांवर घासत, आणि त्या घासण्यांतच झोका बराचसा विरून जाई. टांगेवाल्याला शॉकअप कधीं विकत घ्यावा लागला नाहीं. वेटोळ्याच्या स्प्रिंगमध्यें हें घर्षण जवळजवळ नाहींच. तिचा सोबती दुबळा झाला म्हणजे चाक रस्त्यावर टिकत नाहीं, उड्या मारतें; आणि उडालेलें चाक वळविलें तरी वळत नाहीं, दाबून धरलें तरी थांबत नाहीं. त्या ओल्या वळणावर आमचें नेमकें हेंच झालें.

मोटारीचा एक कोपरा हातानें दाबून सोडावा, ती एकदांच उसळून स्थिर झाली तर शॉकअप ठीक समजावा, अशी एक परीक्षा सर्वत्र सांगतात. हलक्या आणि कडक गाडीला ती निरुपयोगी आहे. मीं सारा भार टाकून पाहिला तरी गाडी बोटभरहि दबेना. तेव्हां सर्व उघडून पाहण्यावांचून गत्यंतर राहिलें नाहीं.

उघडणें म्हणजे सांगावयास अगदीं सोपें. गाडी जॅकनें उचलावी, लोखंडी घोड्यांवर ठेवावी, चाक काढावें, शॉकअपचा वरचा आणि खालचा असे दोन बोल्ट काढावे. स्प्रिंग शॉकअपभोंवतींच गुंडाळल्यासारखी बसविलेली असते, म्हणून दोन्ही एकदमच हातीं येतात. चार कोपरे, आठ बोल्ट. त्यांपैकीं सहा बोल्ट तासाभरांत निघाले, आणि उरलेल्या दोहोंनीं अडीच दिवस घेतले. इंग्लंडांत हिंवाळ्यांत रस्त्यांवर बर्फ धरूं नये म्हणून मीठ टाकतात. तें मीठ बोल्ट आणि बुशाच्या आंतील नळी यांच्यामध्यें शिरून दोहोंना एकजीव करून टाकतें. आम्हीं गंज सोडविणारें तेल रात्रभर मुरविलें, हातोड्यानें ठोकलें, लांब दांड्याचा पाना लावून दोघांनीं जोर केला. बोल्ट फिरे, पण त्याबरोबर नळीहि फिरे, आणि रबर चुईं चुईं करी. आंच लावावी तर शेजारीं रबर आणि ब्रेकची नळी. अखेर करवतीच्या पात्यानें बोल्ट दोन्हीं बाजूंनीं कापून काढला. पुढच्या खेपेस हा ताप नको म्हणून नव्या बोल्टाच्या दांड्याला (आट्यांना नव्हे) वंगणाचा हात द्यावा, हें भाच्यानें भिंतीवर खडूनें लिहून ठेवलें आहे.

यापुढची गोष्ट मात्र विनोदाची नाहीं. स्प्रिंगखालीं आटे असलेली एक कडी असते. ती सी आकाराच्या पान्यानें खालीं फिरवीत नेली म्हणजे स्प्रिंग ढिली होते व निर्धास्तपणें काढतां येते. आमच्या एका शॉकअपची कडी गंजून बसली होती. भाचा म्हणाला, वरची वाटी सरळ काढून टाकूं. मीं त्याचा हात धरला. आमची ती आंखूड स्प्रिंग ६० मिलिमीटर दाबून धरली तर तिच्यांत सांठणारी शक्ति, ११ किलो वजन एक मीटर उंचीवरून सोडण्याइतकी होते. आणि घरोघरच्या साध्या मोटारीच्या पुढच्या स्प्रिंगमध्यें याच्या दुपटीहून अधिक असूं शकते. अकरा किलोचें वजन कोणी आपल्या हनुवटीवर पडूं देईल काय? स्प्रिंग दाबून धरणारे आंकड्यांचे दोन शिकंजे भाड्यानें मिळतात. ते समोरासमोर लावावे, दोन्ही थोडेथोडे आळीपाळीनें आंवळावे, आणि तोंड कधींहि स्प्रिंगच्या टोकासमोर आणूं नये. हीच गोष्ट मीं विद्यार्थ्यांना वर्षानुवर्षें सांगितली होती. त्या दिवशीं शिकंजा आंवळतांना माझ्याच तळहाताला घाम सुटला.

स्प्रिंग काढल्यावर शॉकअपची खरी परीक्षा होते. तो उभा धरून दांडा सावकाश दाबावा व ओढावा. दोन्हीं वेळीं अखंड, मध जाड असावा तसा विरोध जाणवला पाहिजे. आमच्या डाव्या शॉकअपचा दांडा दिशा बदलतांच बोटभर पोकळ जाई आणि मग कोठें तेल लागे. तेल गळून आंत हवा मिसळली होती. उजवा त्याहून बरा होता, तरी एका आंसावरचे दोन्ही शॉकअप एकदमच बदलावे. एक जुना व एक नवा ठेवल्यास ब्रेक लावतांच गाडी एकीकडे ओढूं लागते. आपल्याकडे स्कूटरचा शॉकअप उघडून, नवें सील घालून, तेल भरून देतात, तसें याचें करून पाहावें असें माझ्या काटकसरी मनाला वाटलें होतें. पण नळकांडें डाग देऊन कायमचें बंद केलेलें निघालें.

आतां स्प्रिंगा. जुनी स्प्रिंग ‘बसली’ म्हणजे नरम पडली, असा समज फार रूढ आहे. वस्तुतः पोलादाचा ताठपणा वयोमानानें कमी होत नाहीं. बसलेली स्प्रिंग आंखूड होते एवढेंच. त्यामुळें गाडी खालीं येते आणि दबण्यास जागा उरत नाहीं. नरम होते ती गंजानें झिजलेली. स्प्रिंगचा कडकपणा तारेच्या जाडीच्या चतुर्घातावर अवलंबून असतो. तार ५ टक्के बारीक झाली तर कडकपणा जवळजवळ १९ टक्के घटतो, आणि गंजाच्या खळग्यापाशींच ती एके दिवशीं तुटते. आमच्या स्प्रिंगांवर तसे खळगे होते, म्हणून त्या टाकावयाच्या हें ठरलें. पण नव्या घ्यावयाच्या त्या किती कडक?

कारखान्याच्या गाडीला हा प्रश्न पडत नाहीं. दुकानांत गाडीचें नांव व साल सांगितलें कीं भाग मिळतो. घरगुती गाडीचें सूचिपत्र नसतें. तिच्यासारखी दुसरी गाडीच नसते. शाळामास्तरांनीं काय घातलें होतें त्याचा रंगहि उडाला होता. मीं मापें घेतलीं. तार ९.५ मिलिमीटर, वेटोळ्याचा मध्यव्यास ५८ मिलिमीटर, मोकळे वेढे ७. सूत्रांत घालून उत्तर आलें: एक इंच दाबण्यास सुमारें ३३५ पौंड. एवढ्या हलक्या गाडीस हें शर्यतीच्या मैदानावरचें प्रमाण झालें. कडक गाडी म्हणजे चपळ गाडी, ही समजूत तरुणांतच असते असें नाहीं, मास्तरांतहि असते. गुळगुळीत मैदानावर ती खरी ठरेल. खड्ड्यांच्या रस्त्यावर कडक गाडी चाकांवर नाचते, आणि आंकडा मोठा म्हणून अभिमान मात्र मालकाला वाटतो.

योग्य कडकपणा ठरविण्याची रीत अशी. गाडीला आपला एक स्वाभाविक झोका असतो. स्प्रिंग आपल्या वांट्याच्या भारानें किती इंच दबते तें काढावें, त्या संख्येच्या वर्गमुळानें १८८ ला भागावें, म्हणजे मिनिटांतील झोक्यांची संख्या येते. बळ आणि दबणें यांचें प्रमाण सारखें राहतें हा नियम रॉबर्ट हूकनें १६७६ सालीं अक्षरांची उलटापालट करून गुप्त ठेवला आणि १६७८ सालीं उघड केला. आमचा हिशेब त्याच्यावरच उभा आहे. आरामशीर मोटारींत हे झोके मिनिटास ६० ते ९० असतात. मीं आमच्या गाडीसाठीं सुमारें ११५ धरले. भाच्यानें त्याच्या मंडळाकडून चाकाखालीं ठेवावयाचे वजनकांटे आणले. दोघे आंत बसून पुढच्या चाकावर १६५ किलो भार भरला. त्यांतून चाक, ब्रेक वगैरे जे भाग स्प्रिंगवर नसतातच त्यांचे ३० वजा जातां १३५ किलो, म्हणजे २९८ पौंड, राहिले. उत्तर आलें इंचास ११० पौंड. मीं तें दुहेरी रेघ मारून लिहिलें, भाच्यानें त्या आंकड्याच्या स्प्रिंगा आणि चार नवे शॉकअप मागविले, आणि पांचव्या दिवशीं पुढची जोडी बसवून आम्हीं जॅक सोडला.

गाडी खालीं आली, येत राहिली, आणि शॉकअपच्या टोकाच्या रबरी ठोकळ्यावर टेकून थांबली.

“मामा,” भाचा अगदीं अदबीनें म्हणाला, “फळा पुसायचा का?”

चूक अशी कीं, स्प्रिंग चाकाच्या डोक्यावर उभी नसते. ती आंतल्या बाजूस, तिरपी, एका तरफेच्या मध्यावर टेकलेली असते. स्प्रिंग काढून भाच्यानें चाक १० सेंटिमीटर उचललें, आणि मीं मोजलें, शॉकअप ७ सेंटिमीटरच आंखूड झाला. म्हणजे चाकाशीं स्प्रिंगचें बळ सात-दशांश पोंचतें. शिवाय ती दबतेहि सात-दशांशच. तरफ दोनदां आपला वांटा घेते, म्हणून गुणावयाचें तें सात-दशांशाच्या वर्गानें, जवळजवळ निम्म्यानें. चाकाशीं ११० पाहिजेत तर स्प्रिंग २२५ ची हवी. हें सारें मला ठाऊक नव्हतें असें नाहीं. परीक्षेंत या तरफेवर मीं स्वतः प्रश्न घातले आहेत. फळ्यावरील आकृतींत मात्र मी स्प्रिंग नेहमींच चाकावर उभी काढीत आलों, आणि हातानें काढलेली आकृति डोळ्यांपुढून हालली नाहीं. जुन्या ३३५ च्या स्प्रिंगांनीं गाडी मिनिटास १४० झोके घेत होती तें याच हिशेबानें निघालें. चुकीच्या स्प्रिंगा दुकानदारानें परत घेतल्या. टपालखर्च मीं दिला.

मागें आंस अखंड असून स्प्रिंगा त्याच्यावरच उभ्या आहेत, त्यामुळें तेथें तरफेचा प्रश्न नव्हता. इंचास १३० पौंडांच्या पुरल्या. त्यांनीं मागचे झोके १२२ च्या आसपास, पुढच्यांहून किंचित् जलद, झाले, व तें मुद्दाम केलें होतें. खड्डा आधीं पुढच्या चाकाला लागतो, मग मागच्या; मागची बाजू थोडी जलद असली तर ती पुढचीला गांठते आणि गाडी घोड्यासारखी पुढेंमागें डुलत नाहीं. मॉरिस ऑली या अभियंत्यानें १९३० नंतरच्या वर्षांत अमेरिकेंतील जनरल मोटर्समध्यें हें तत्त्व प्रयोगांनीं दाखवून दिलें. नव्या शॉकअपना विरोध कमीजास्त करण्याची कळ होती. विरोधाची गरज स्प्रिंगच्या कडकपणाच्या वर्गमुळानें बदलते, म्हणून स्प्रिंगा सौम्य झाल्या तशी ती कळहि थोडी मागें घेतली.

शेवटच्या आंवळण्याविषयीं एक सूचना, कारण येथें चांगले चांगले मिस्त्री घाई करतात. बुशांतील रबर आंतील नळीला चिकटविलेलें असतें. चाकें लोंबकळत असतांना बोल्ट आंवळले तर गाडी जमिनीवर आल्यावर तें रबर कायमचें पिळलेलें राहतें आणि लवकरच फाटतें. म्हणून बोल्ट आधीं ढिलेच ठेवावे, गाडी चाकांवर उभी करावी, माणसांचा भार घालावा, आणि मग आंवळावे. पण आम्ही दोघे गाडींत बसलों तर खालीं शिरून पाना कोण फिरविणार? भाचा उठला आणि गांवांतील हिंदी दुकानांतून दहा दहा किलोंच्या तांदळाच्या चौदा पिशव्या घेऊन आला. सात त्याच्या जागेवर, सात माझ्या. त्या भारावर आम्हीं कड्या फिरवून चारी कोपऱ्यांची उंची जुळविली, बोल्ट पक्के केले, आणि मग चाकांची दिशा व दिव्यांचा झोत पुन्हां तपासून घेतला, कारण गाडीची उंची बदलली कीं हीं दोन्हीं बिघडतात. शंभरेक मैलांनंतर बोल्टांवर पुन्हां एकवार पाना फिरवावयाचा, हें भिंतीवर दुसऱ्या ओळींत लिहिलें.

मी परत निघण्याच्या आदल्या दिवशीं पुन्हां पाऊस झाला. त्या वळणावर आम्हीं गाडी त्याच वेगानें नेली. उखडलेलें डांबर खालून गेलें तें समजलें, पाठीलाहि समजलें, पण चाकें जमिनीवर राहिलीं आणि गाडी वळली. संध्याकाळीं सूनबाई आपण होऊन शेजारीं बसली आणि तेथपर्यंत जाऊन आली. मुलीविषयीं तिनें अद्याप कांहीं सांगितलेलें नाहीं. तांदूळ मात्र दिवाळीपर्यंत पुरले, असें तिच्या पत्रांत होतें.